बेंजोवाल्यांच्या आठ मात्रा

अंबरनाथ, मंगळवार

मिरजेची माणसं प्रवासाला निघाली की सोबत चटणी, पाण्याची बाटली आणि सुराबद्दलची मतं घेऊन निघतात. माझ्या पिशवीत चटणी कमी आणि मतं जास्त होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाची तक्रार नको. पस्तीस वर्षं मी शाळेत गाणं शिकवलं. ज्या गावात तंबोरे तयार होतात त्या गावात जन्मले आणि लग्न होऊनही तिथेच राहिले. बेंजो हे वाद्य आहे असं मला कधीच वाटलं नाही. एक लाकडी खोका, त्यावर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं आणि उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्याने तारा खरवडायच्या. दोन सुरांच्या मध्ये जे असतं, ज्याच्यापायी माणसं उभा जन्म घालवतात, ते ह्या खोक्यात मुळातच नाही. आमच्या ह्यांना मात्र फार आवडायचा. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो आला की हे हातातलं ताट ठेवून दारात जाऊन उभे राहायचे आणि पायाने ठेका धरायचे. मी आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची. चार वर्षांपूर्वी ते गेले. आता मिरवणूक आली तरी दार उघडंच असतं.

तर अशा मला, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने बेंजो ऐकायला अंबरनाथला बोलावलं.

वसंता जन्मभर अंबरनाथच्या कारखान्यात नोकरीला होता. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, गुडघे दुखवून घेतात. ह्याने बेंजो घेतला. तोही एकट्याने नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशा तीन गावांतले तीन हौशी एकत्र आले आणि त्यांनी 'जुन्या चाली' नावाचं मंडळ काढलं. हळदीला, साखरपुड्याला पूर्वी वाजायच्या त्या चाली शोधायच्या, शिकायच्या, रेकॉर्ड करायच्या आणि यूट्यूबवर टाकायच्या. जणू यूट्यूब त्यांचीच वाट बघत थांबलं होतं.

"ताई, तू फक्त चार दिवस ये," वसंता फोनवर म्हणाला होता. "स्वरलेखन करून दे. आणि शुक्रवारी खरवईला हळद आहे, तिथं आम्हाला वाजवायचंय. चूक होऊन चालणार नाही."

चूक का चालणार नाही ते त्याने सांगितलं आणि त्या एका कारणासाठी मी निघाले. खरवई म्हणजे बदलापूरच्या कडेचं गाव. तिथे धर्माबाबा नावाचे एक म्हातारे आगरी गृहस्थ राहतात. एके काळी पंचक्रोशीतल्या हळदी त्यांच्या बेंजोशिवाय लागत नसत. त्यांची आई धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले गाणारी. तिची एक चाल बाबांनी बेंजोवर बसवली होती. आता बाबांची बोटं आखडली आहेत, एका कानाने ऐकू येत नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा अपघातात गेला आणि त्या घरात वाद्य वाजायचं बंद झालं. आता त्या मुलाच्या मुलीचं लग्न होतं. बाबांनी एकच मागणं मागितलं होतं: नातीच्या हळदीला माझ्या आईची चाल वाजली पाहिजे. मंडळाने छातीवर हात ठेवून होय म्हणून टाकलं होतं.

घरी पोचले तेव्हा वसंता गॅलरीत बसून वाजवत होता. गॅलरी केवढी, तर एक बेंजो आणि एक तुळस मावेल एवढी. त्याची बायको नीता मला आत घेत म्हणाली, "वन्सं, आल्या आल्या नका हो रागावू त्यांना. दोन महिने झाले, तेवढाच एक तुकडा चाललाय." मग तिने पोहे केले, त्यात मटार घातले आणि वर शेव भुरभुरली. आमच्याकडे पोह्यांवर एवढे दागिने घालत नाहीत. पण एका दिवशी एकाच गोष्टीवर तोंड सोडावं असा माझा नियम आहे आणि तो दिवस मी बेंजोसाठी राखून ठेवला होता.

वसंताने वाजवून दाखवलं. चाल चांगली होती, हे कबूल करायला हवं. साधी, चढत जाणारी, पाटावर बसलेल्या मुलीकडे बघून बाया गातील तशी. मधेच मात्र सगळा सूर घसरल्यासारखा खाली लोळायचा आणि पुन्हा धापा टाकत वर यायचा. तो आणण्यासाठी वसंता डाव्या अंगठ्याने तारा मागून दाबत होता. अंगठ्याला पट्टी बांधलेली होती. त्या लोळणीनंतर तो एकदम थांबायचा, हवेत बोटं धरून तोंडातल्या तोंडात एक ते आठ मोजायचा आणि पुढे चालू व्हायचा.

"हे काय?" मी विचारलं.

"ही बाबांची लपेट," तो भक्तिभावाने म्हणाला. "कोणालाच जमत नाही."

"आणि ती मोजणी?"

"तिथे आठ मात्रा काही नाहीये. कॅसेटमध्येच नाहीये."

कॅसेटमध्ये. बाबा एक स्टेशन पलीकडे जिवंत बसलेले आणि ही मंडळी चाल विचारतात कॅसेटला! बाबांना का नाही विचारलं, असं म्हटल्यावर वसंता शाळेतल्या मुलासारखा खाली बघू लागला. "आधी नीट बसवू, मग त्यांच्यापुढे जाऊ, असं ठरलंय आमचं. अर्धवट घेऊन कसं जायचं त्यांच्याकडे?" असल्या भिडेला मी शाळेत पायरीवर उभं करायची.

उल्हासनगर, कॅम्प दोन, बुधवार

कॅम्प दोनमध्ये पायी चालणं ही एक वेगळी विद्या आहे आणि ती मिरजेत शिकवत नाहीत. जीन्सचे गठ्ठे लादलेली एक स्कूटर माझ्या इतक्या जवळून गेली की गठ्ठ्याची दोरी पदरात अडकली आणि मी चार पावलं कपड्यांच्या मागे धावले. एक चप्पल मागेच राहिली. दुकानातल्या बाईने ती उचलून दिली आणि त्याच दमात विचारलं, "मॅडम, कुर्ती दाखवू? नवीन माल आलाय." मला मदतीचं कौतुक वाटावं की धंद्याचं, हे अजून ठरत नाही.

मंडळातल्या लच्छूभाईंचं दुकान एका बोळात पहिल्या मजल्यावर आहे. पंखे, मिक्सर आणि बेंजो, तिन्ही दुरुस्त करून मिळतात; पूर्वी टेपरेकॉर्डरही मिळायचे. लच्छूभाई सिंधी, साठीचे, गोल चेहऱ्याचे. दुकानाच्या मागच्या खोलीत गाद्या भिंतीला टेकवून त्यांनी रेकॉर्डिंगची सोय केली होती. मंडळाचा तिसरा गडी तुषार तिथेच बसला होता. हा तिशीतला, मुंबईत कुठल्याशा कंपनीत कामाला, खरवईच्या नव्या इमारतींपैकी एकीत राहणारा. फोनमधल्या अॅपवर बघून तो बेंजो सुरात लावत होता. काटा हिरवा झाला की सूर लागला म्हणे. कान दोन आहेत, ते चष्म्याच्या काड्या अडकवायला.

"बसा मॅडम, बैठो," लच्छूभाई म्हणाले. "पहिले नाश्ता. पोटात काय नसेल तर सूर कुठून येणार?"

दाल-पकवान आलं. पकवान म्हणजे आपल्या पुरीची ताठ मानेची बहीण. वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी आणि बारीक कांदा. हे सकाळी नऊ वाजता. आमच्याकडे नऊ वाजता इतकं तळलेलं खाल्लं तर घरातले डॉक्टरला फोन करतात. मी नावं ठेवत दोन खाल्ली.

मग कॅसेट लागली. बाबांच्या एका नातेवाइकाने आखातातून आणलेल्या टेपवर कुठल्याशा हळदीत भरून घेतलेली, चाळीसेक वर्षांपूर्वीची. आवाज खरखरीत. पण बाबांचा हात ऐकला आणि मी जराशी सरळ बसले. त्या खोक्यातून इतकं स्वच्छ वाजू शकतं हे मला माहीत नव्हतं. मग ती लपेट आली. तिघांनी डोळे मिटले.

मी म्हटलं, "मागे घ्या."

पुन्हा लावली. पुन्हा मागे घ्यायला लावली. तिसऱ्यांदा ऐकलं आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना.

"मागे एक बाळ रडतंय, ऐकू येतंय?" मी विचारलं.

"हो ना," तुषार म्हणाला. "नॉइझ आहे, काढता येत नाही."

"ते बाळसुद्धा लपेटीत रडतंय."

कोणाला कळेना. मी लच्छूभाईंना पुन्हा लावायला सांगितलं. बेंजो खाली लोळला, त्याबरोबर ढोलकी लोळली, ढोलकीबरोबर त्या बाळाचं टाहो फोडणंही खाली गेलं आणि सगळे मिळून एकदम वर आले. आईच्या कडेवरचं पोर धर्माबाबांच्या तालमीतलं असणं शक्य नव्हतं. टेप तिथे ताणली गेली होती, बाकी काही नाही. दोन महिने तीन प्रौढ माणसं, त्यांतले दोन आजोबा, एका ताणलेल्या फितीची नक्कल करत अंगठे सोलून घेत होती. तुषारने त्या लपेटीचा व्हिडिओ करून शिकवणीही टाकली होती. खाली लोकांनी हात जोडलेले.

"अरे साईं," लच्छूभाई हळूच म्हणाले. त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. टेप दुरुस्त करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना हे कळू नये! पण भक्ती चढली की माणसाला मिक्सरमधलाही आवाज ओंकार वाटतो.

मला चेव चढला. आता ती आठ मात्रांची रिकामी जागा. तिथे बेंजो नाही, ढोलकी नाही, नुसती खरखर आणि माणसांची कुजबुज. मी म्हटलं, ही जागासुद्धा खराबच आहे. टेप धरणाऱ्याने माइक बाजूला नेला असेल. चाल अशी अधांतरी कोणी सोडत नाही. सूर पंचमावर टांगलेला ठेवून आठ मात्रा गप्प बसणं हे कुठल्या शास्त्रात आहे?

"पण ताई, खरखर तशीच येतेय ना," वसंता म्हणाला. "आणि लोकांचं बोलणं जवळून येतंय. माइक हलला असता तर..."

"तू गप्प बस," मी म्हणाले. साठ वर्षं म्हणत आले आहे, तोंडात बसलंय.

मी तिथल्या तिथे आठ मात्रांची एक सुंदर जागा बांधून दिली. पंचमावरून निघायची, धैवताला स्पर्श करायची, वळसा घेऊन षड्जावर अलगद उतरायची. वहीत लिहून दिली, गाऊन दाखवली. तिघांनी दुपारभर घासली. संध्याकाळपर्यंत वाजू लागली आणि मला वाटलं, चला, आपण आलो म्हणून ह्या चालीचं काही तरी भलं झालं.

खरवई, गुरुवार

खरवईत आता गावापेक्षा इमारती जास्त. प्रत्येकीच्या नावात नदी किंवा डोंगर आहे, आणि जिच्या नावात नदी तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची वाळत घातलेली चादर दिसते. त्यांच्या मधोमध जुनं गाव दबून बसलंय. धर्माबाबांचं घर तिथे. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते आणि दारात तांदळाचं पीठ चाळणाऱ्या बाया बसल्या होत्या.

बाबा ओट्यावर खुर्चीत बसले होते. काटक, पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी. आमचं ठरलं होतं की हळदीच्या आदल्या दिवशी त्यांना एकदा ऐकवायचं. त्यांनी तुषारचा बेंजो जवळ ओढायला सांगितला आणि आखडलेला उजवा तळवा त्या खोक्याच्या लाकडावर ठेवला.

"मना कानानं कमी येतं," ते म्हणाले. "हातानं येतं. वाजवा."

तिघं वाजवू लागले. मी समोर वही घेऊन बसले, ताल धरला. पहिल्या ओळीला बाबांचं डोकं हललं. लपेटीच्या जागी सूर सरळ गेला तेव्हा ते चक्क हसले. मी वसंताकडे बघितलं, बघितलंस? मग पंचम आला. बाबांनी डोळे मिटले आणि तोंड थोडं उघडलं, काही म्हणायच्या बेतात असल्यासारखं. तेवढ्यात माझी जागा सुरू झाली. धैवत, वळसा, षड्ज.

बाबांनी तळवा उचलून मांडीवर ठेवला. चाल संपली तरी पुन्हा लाकडावर टेकला नाही.

"बरा वाजवता," ते म्हणाले. "मेहनत केलीत." आणि काठी घेऊन आत निघून गेले.

मला राग आला. एवढ्या लांबून येऊन माणसाची चाल सावरून द्यायची आणि त्याने उठून जायचं! कलाकार असेल, पण कौतुकाला दोन शब्द खर्च करायला काय होतं? हे सगळं मी वसंताला ऐकवत होते तेवढ्यात नवरीची आई, सुगंधा, मला जेवायला बोलवायला आली.

चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या चालल्या होत्या. कागदासारख्या पातळ आणि शुभ्र, ओल्या हाताने नुसत्या फिरवून केलेल्या. आमच्या ज्वारीच्या भाकरीच्या थापण्याचा आवाज तिसऱ्या घरात जातो. ही भाकरी चोरपावलांनी होते. सोबत वालाचं बिरडं. पहिल्या घासाला नावं ठेवायला काहीच सापडेना, म्हणून मी बाबांचा विषय काढला.

"बाबांना काही आवडलं नाही वाटतं?"

सुगंधा भाकरी उलटत राहिली. "आवडलं ना बाय. पन तुमी जागाच नाय ठेवली."

"कसली जागा?"

"नावं घ्यायची."

तिने सांगितलं ते असं. बाबांची आई हळदीला गाताना त्या ठिकाणी थांबायची. सूर वर ठेवून थांबायची. मग घरातलं जे माणूस हळद बघायला उरलं नाही त्याचं नाव ज्याने त्याने घ्यायचं. मोठ्याने नाही, आपल्या जागी बसून. मग ते माणूस येऊन हळद लावून जातं, अशी तिची समजूत. ती गेल्यावर बाबांनी बेंजोवर ती जागा तशीच ठेवली. त्यांचा बेंजो थांबला की मांडवात सगळे नावं घ्यायचे.

"तीन वरीस बाबांनी आमचे ह्यांचं नाव नाय घेतलं," ती म्हणाली. "घरात कोनीच नाय घेत. बाबा बोलले, पोरीचे हळदीला घेन. चालीत घेन. म्हनून तुमाला सांगितलं वाजवा. आता त्यांना वाटतं तुमाला नवीन पद्धत आवडली, आपन कशाला बोला. लाजतात ते शिकलेल्या मानसांना."

मी घास हातात धरून बसले होते. कुजबुज. कॅसेटमधली ती कुजबुज, जी मी तीनदा ऐकली आणि तीनदा खराबी म्हणून बाजूला सारली. लोक मेलेल्यांची नावं घेत होते आणि मी तिथे धैवत बसवला.

"तू पण घेशील?" मी विचारलं. "त्यांचं नाव?"

"त्या जागेत बाया नवऱ्याचं नाव घेतात. तवा चालतं. एरवी मी तरी कुठं घेतलंय?" ती हसली आणि लगेच पदराने डोळे पुसले, धुराचं निमित्त करून. मग मला म्हणाली, "वाढू का अजून एक?"

मी एरवीही घेत नव्हते, तसल्या वेळीही घेतलं नसतं. आमच्याकडे लग्नात एकदा उखाण्यात घेतलं की झालं. पुढे चाळीस वर्षं 'अहो' आणि लोकांत 'आमचे हे'.

ओट्यावर आले. तिघं बेंजो आवरत होते. मी सगळं सांगितलं, न गाळता, आणि म्हटलं की चूक माझी आहे, तुमची मोजणी बरोबर होती. ही तीन बिनडोक माणसं कॅसेटची हुबेहूब नक्कल करत होती म्हणून ती जागा तेवढी वाचली होती. अक्कल लढवली ती मी. आयुष्यात दुसऱ्याच्या वहीत मी पुष्कळ लाल रेघा मारल्या. वसंताने पेन घेऊन माझ्या त्या सुंदर ओळीवर रेघ मारली, आणि मेल्याने ती दोनदा मारली.

पण हाताला लागलेलं वळण रेघेने जात नाही. पुन्हा वाजवायला बसले तर पंचमावर येताच तुषारचा हात आपोआप माझी जागा वाजवू लागला. परत घेतलं, परत तेच. लच्छूभाईंचाही गेला. दिवे लागेपर्यंत ती माणसं न वाजवण्याचा सराव करत होती. इतक्या लोकांना इतकी वर्षं गाणं शिकवलं, पण थांबायला शिकवणं किती अवघड असतं ते मला त्या ओट्यावर कळलं. शेवटच्या तीन खेपांत दोनदा जमलं आणि एकदा चुकलं. त्यावर भरवसा ठेवून आम्ही उठलो. बाबांना काही सांगायला मी वसंताला मनाई केली. नाही जमलं तर त्यांना दुसऱ्यांदा तोंडघशी पाडायचं नव्हतं.

खरवई, शुक्रवार

दुपारी मांडव भरला. आमच्याकडे हळद म्हणजे पाच सवाष्णी, आंब्याची पानं आणि अर्ध्या तासात आवरणं. इथे हळद हेच लग्न. पिवळे कपडे घातलेल्या शंभरेक बाया, त्यांच्या केसांत गजरे नव्हते, बागाच होत्या, आणि कोपऱ्यात माणसाच्या उंचीचे स्पीकर. त्यांतून जे वाजत होतं त्याबद्दल मी लिहिणार नाही, कारण अजून डाव्या कानात ते चालूच आहे. नवरी प्रणाली पाटावर बसली होती, गोड पोरगी, सारखी आईकडे बघत होती.

लच्छूभाईंनी रेकॉर्डिंगचा सगळा सरंजाम आणला होता, फक्त माइकच्या स्टँडचा एक पाय दुकानात विसरला होता. तीन गावांतले तीन शहाणे, आणि स्टँडला दोन पाय. शेवटी माइक कोणी धरायचा असा प्रश्न आला आणि रिकामं असं एकच माणूस होतं. तर मिरजेची ही संगीतशिक्षिका हळदीच्या मांडवात हात लांब करून माइक धरून उभी राहिली. दोन मुली माझ्यासोबत सेल्फी काढून गेल्या.

मोठे स्पीकर बंद करायला लावले. बाबांना खुर्चीवर आणून बसवलं. तुषारने आपला बेंजो त्यांच्याजवळ सरकवला, पण बाबांनी तळवा लाकडावर ठेवला नाही. हात मांडीवरच होता.

वाजायला लागलं. पहिल्या ओळीला म्हाताऱ्या बायांची बोलणी थांबली. एकीने दुसरीचा हात धरला. दुसऱ्या ओळीला दोघी-तिघी गुणगुणू लागल्या, शब्द त्यांना ठाऊक होते. मला मात्र काही ऐकू येत नव्हतं, मी फक्त तुषारच्या उजव्या हाताकडे बघत होते. पंचम आला. तुषारचा हात उचलला गेला, तारांपर्यंत गेला, आणि लच्छूभाईंनी स्वतःचा बेंजो सोडून आपला जाडजूड पंजा त्याच्या तारांवर दाबून धरला.

थांबलं.

बाबांनी वर बघितलं. त्यांना वाटलं असावं की काही तरी बिघडलं. त्यांनी हात पुढे केला, लाकडावर ठेवला, लाकूड गप्प होतं. मग त्यांना कळलं. त्यांचं तोंड दोनदा उघडलं आणि मिटलं.

"रमेश," ते म्हणाले. आणि मग, हाक मारावी तसं, "ये रं रमेश."

सुगंधाने नाव घेतलं, ते ओठांवर दिसलं. पोरीने "पप्पा" म्हटलं. मग मांडवभर पाऊल न वाजवता कोणी चालत यावं तसा तो कुजबुजीचा आवाज झाला, कॅसेटमध्ये होता अगदी तोच. वसंताचे ओठ हलले. आमच्या आईचं नाव असणार. मी परक्याच्या मांडवात, हातात माइक. मी तोंड मिटून उभी होते.

आठ मात्रा कधीच होऊन गेल्या होत्या. कोणी मोजल्या नाहीत. बाबांनी लाकडावर दोनदा बोट आपटलं, तेव्हा तिघांनी पुढची ओळ उचलली आणि बायांनी पोरीला हळद लावली.

मिरज

परत येऊन आठवडा झाला होता तेव्हा लच्छूभाईंचा फोन आला. मंडळाचं आता बरं चाललंय म्हणे. तुषारने लपेटीचा व्हिडिओ काढून टाकला, तर लोक खाली भांडतायत की लपेट परत द्या. मी म्हटलं, द्या, त्यांची तीच लायकी आहे.

"मॅडम, एक विचारायचं होतं," लच्छूभाई म्हणाले. "हळदीचं रेकॉर्डिंग साफ करतोय. वो खाली जगह तशीच ठेवलीय, हात नाही लावला. बाबांचा आवाज मस्त आलाय. लेकिन एक नाव लय मोठ्याने आलंय. लेडीजचा आवाज आहे, माइकच्या एकदम जवळून. 'मधुकर' बोलते. मी वसंतरावांना विचारलं, ते बोलले ताईंना विचारा. बाबांच्या घरात तर मधुकर कोणी नाही. काढून टाकू? दो मिनट का काम है."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. बाहेर रस्त्यावर कोणाची तरी वरात चालली होती.

"राहू दे," मी म्हणाले.

"कोण आहे पण मॅडम?"

"आमचे हे."